दोन पावसाळे

त्या सकाळी आई मागच्या दारात थांबली, भिंतीला हात टेकून तिनं आधी डावी, मग उजवी चप्पल पायात सरकवली आणि मग घरामागच्या लाकडी ओट्यावर, म्हणजे डेकवर, पाऊल टाकलं. घडलं ते एवढंच. मी आत खिडकीशी होते, हातात घडी घालायचे कपडे होते आणि लक्ष भलतीकडेच होतं. पण काहीतरी खटकलं, आणि काय ते दिवसभर सापडेना. संध्याकाळी दिव्याचं बटण दाबताना एकदम लक्षात आलं. आई डेकवर कधीच चप्पल घालत नसे. ती आमच्याकडे राहायला आली तेव्हा घरातली सगळ्यात आवडलेली जागा तिनं पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकली होती. ‘डेक’ हा शब्द तिच्या तोंडात बसला नाही. ती त्याला ‘फळ्या’ म्हणते. “मी जरा फळ्यांवर बसते,” म्हणायची आणि चपला आतच ठेवून जायची. फरशी पाय झिडकारते, लाकूड पाय धरून ठेवतं, असं तिचं म्हणणं. सकाळच्या कोवळ्या उन्हानं फळ्या जेमतेम कोमट झालेल्या असायच्या आणि ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश, टाच आधी टेकवत चालायची. त्या चालण्याचा एक बारीक आवाज होता. तो ऐकू येत नसल्याचं माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

मी तिला विचारलं, “आई, हल्ली फळ्यांवर चप्पल घालून जातेस?”

“हो.”

“कधीपासून?”

तिनं जरा आठवून पाहिलं. “झाले की दोन पावसाळे.”

दोन पावसाळे.

“मग बोलली का नाहीस गं?” यावर ती म्हणाली, “तुझ्यामागं काय कमी कामं आहेत?” आणि हातातल्या टॉवेलची घडी घालायला लागली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं, कारण तक्रारीला उत्तर देता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डेकवर गुडघे टेकून बसले. उभ्यानं पाहताना तो आपला डेक दिसायचा, जरा जुना झालेला. चार बोटांवरून पाहिलं तेव्हा ती वेगळीच जागा निघाली. सहा वर्षांपूर्वी मी स्वतः चढवलेल्या व्हार्निशचे पोपडे सुटले होते आणि त्यांच्या कडा नखाच्या तुकड्यांसारख्या वर वळल्या होत्या. एका पोपड्याखाली नख घातलं तर तो तळहाताएवढा अलगद निघून आला, वरून पारदर्शक, चकचकीत, आणि खालच्या अंगाला राखाडी लव चिकटलेली. ती लव म्हणजे लाकूडच होतं. जिथून व्हार्निश केव्हाच उडून गेलं होतं तिथं फळी करडी पडली होती, मधूनमधून काळे ठिपके होते, आणि घराच्या सावलीत राहणाऱ्या दोन फळ्यांवर शेवाळाचा हिरवट, बुळबुळीत थर होता. तळहात फिरवून बघावा म्हणून फिरवला आणि अंगठ्याच्या मुळाशी कुसळ घुसलं. मी ते काढत तिथेच बसून राहिले. आईच्या तळव्यात अशी किती गेली असतील, आणि आपली आपण सुई घेऊन, चष्मा सावरत, खिडकीच्या उजेडात तिनं ती कशी काढली असतील, हे डोळ्यांसमोर यायला लागलं. मग उठून बाक ओढला. बाकाच्या रुंद तळफळीखाली एक लांबट चौकोन अजून तसाच होता, तांबूस पिवळा, गाठींच्या भोवती गडद वलयं असलेला. हाच रंग बघून आम्ही हे लाकूड घेतलं होतं.

सहा वर्षांपूर्वी आई यायला महिना असताना डेक नुकताच बांधून झाला होता. मी दुकानातून बाहेरच्या लाकडासाठीचं पारदर्शक व्हार्निश आणलं आणि एकाऐवजी तीन हात दिले. तिसरा हात वाळल्यावर संध्याकाळचं सगळं आभाळ फळ्यांत दिसायला लागलं. त्यावर पाणी ओतलं की गोळे होऊन घरंगळत जायचं. मला फार समाधान वाटलं होतं. आता इकडे बघायला नको, असं मी नवऱ्याला म्हटल्याचंही आठवतं. व्हार्निश वाईट असतं असं नाही. घरातल्या टेबलावर ते वर्षानुवर्षं टिकतं. पण उघड्यावर, आडव्या, पायाखालच्या लाकडावर जाड पापुद्रा चढवणं म्हणजे त्या लाकडाचा स्वभाव न विचारता त्याला अंगरखा शिवणं होतं.

लाकूड हलतं. पावसाळ्यात कपाटाचं दार अडकतं आणि उन्हाळ्यात आपसूक सुटतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पण त्यामागचं गणित मी आत्ता, उशिरा वाचलं. लाकडाच्या पेशींच्या भिंती पाणी पितात, त्यांची हद्द कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण 30 टक्क्यांना येते. त्याखाली ओल जसजशी घटते तसतसं लाकूड आकसतं, वाढते तसतसं फुगतं. गंमत अशी की लांबीत ते जवळजवळ हलतच नाही, रुंदीत मात्र चांगलंच हलतं, आणि वार्षिक वलयांच्या दिशेनं जेवढं हलतं त्याच्या साधारण निम्मंच वलयांना आडवं. म्हणून फळी नुसती रुंद-अरुंद होत नाही, ती वाकते, तिचे काठ वर येतात, मध्ये वाटीसारखा खोलगटपणा येतो. आमच्या वीतभरापेक्षा कमी रुंदीच्या फळ्या कडक उन्हाळा आणि भर पावसाळा यांच्यात दोन-तीन मिलिमीटरनं हलत असणार. डोळ्याला ते कळत नाही, पण वर घट्ट बसलेल्या पापुद्र्याला कळतं. सुरुवातीला तो ताणला जातो, मग उन्हानं कडक झाल्यावर ताणायचं विसरतो आणि स्क्रूच्या डोक्यांपाशी, गाठींपाशी, दोन फळ्यांच्या टोकांना केसाएवढी चीर पडते. तेवढ्या चिरेतून पाणी आत जातं. परत यायला मात्र त्याला वाट नसते. वरून चमकणाऱ्या, पाण्याचे गोळे घरंगळवणाऱ्या त्या पापुद्र्याखाली माझं लाकूड ओलं राहत होतं.

दुसरी गोष्ट उजेडाची. ती वाचली तेव्हा हातात धरलेल्या त्या पोपड्याच्या खालच्या लवेचा उलगडा झाला. लाकडाचे धागे एकमेकांना धरून ठेवणारा लिग्निन नावाचा पदार्थ असतो, पाइनसारख्या लाकडात तो पाव भागाहून थोडा जास्तच असेल. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांना तो शोषून घेतो आणि त्यातच तुटतो. हे किरण लाकडात मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढेही खोल जात नाहीत, पण वरच्या पातळ थरातला डिंक विरघळवायला तेवढं पुरतं. पारदर्शक व्हार्निशमधून ऊन आरपार जातं. म्हणजे माझा पापुद्रा चिकटून बसला होता तो ज्या थराला, तो थरच खालून सुटत चालला होता. व्हार्निश लाकडापासून निघालं नव्हतं, लाकूड लाकडापासून निघालं होतं.

उघड्या लाकडावर मग पाऊस तो तुटलेला लिग्निन धुऊन नेतो, मागे पांढुरके सेल्युलोजचे धागे राहतात, त्यात बुरशीचे काळे कण बसतात आणि दुरून सगळं करडं दिसतं. हा करडा रंग मला नावडता नाही, हेही सांगायला हवं. जुन्या होडीच्या फळ्या, कुंपणाचे खांब, विहिरीवरचा रहाट, यांचा तो चंदेरी करडेपणा बघितला की मन निवतं. लाकडानं स्वतःच पांघरलेलं काहीतरी वाटतं ते. आणि नुसत्या झिजण्याला घाबरावं असंही फारसं काही नाही. उभ्या भिंतीवरचं साधं मऊ लाकूड ऊन-पावसानं 100 वर्षांत सरासरी 6 मिलिमीटर झिजतं, असं या विषयातले संशोधक सांगतात. एका माणसाच्या आयुष्यात करंगळीच्या नखापेक्षाही कमी. म्हणून काही दिवस मी या विचारात होते की पोपडे तेवढे काढावेत आणि डेक करडा होऊ द्यावा. पण होडीच्या फळीवरून कुणी रोज पंचाहत्तरीतले तळवे घेऊन चालत नाही. करडेपणा म्हणजे सुटलेले धागे, आणि सुटलेले धागे म्हणजे कुसळं. शिवाय डेक आडवा असतो. भिंतीवरून पाणी निथळतं, इथं ते बसून राहतं.

तेव्हा सगळं खरवडायचं ठरलं.

शेजारच्यांनी आपलं जोराच्या पाण्याचं यंत्र देऊ केलं. मी एका कोपऱ्यातल्या फळीवर ते चालवून पाहिलं आणि लगेच बंद केलं. पोपडे उडाले खरे, पण त्यांच्याबरोबर वलयांमधलं मऊ लाकूडही उडालं. झाड हंगामाच्या सुरुवातीला भरभर वाढतं तेव्हाचं लाकूड फिकट आणि पोचट असतं, नंतरचं गडद आणि टणक. पाण्याच्या धारेनं फिकट पट्टे खणून काढले आणि गडद पट्टे उंच राहिले. फळी कॉर्डरॉयच्या कापडासारखी दिसायला लागली. ती फळी पुढे मला सगळ्यात जास्त वेळ घासावी लागली. मग बाकीचं काम हातानं. लांब दांड्याचं खरवडणं, कोपऱ्यांना छोटी पटाशी, आणि मग घासायचं यंत्र, आधी 60 नंबरचा कागद, नंतर 80. त्याहून बारीक घासायचा मोह होतो, कारण हात फिरवला की रेशमासारखं लागतं. पण फार गुळगुळीत केलेल्या लाकडाची रंध्रं बुजतात आणि तेल आत शिरत नाही. तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, कानांत ते गुणगुणणं. पहिल्या दिवशी रात्री अंथरुणावर पडले तरी तळहात थरथरत होते. आणि वास! करड्या थराखालून लाकूड उघडं पडलं की आधी जुनाट, ओलसर, तळघरासारखा वास यायचा आणि मग अचानक राळेचा तिखट ताजा दर्प. मेलेलं वाटलेलं लाकूड आत इतकं जागं असतं, हे मला माहीत नव्हतं. आई दारात खुर्ची टाकून बसायची. काही बोलायची नाही. मधूनच म्हणायची, “तिकडे राहिलंय बघ, गाठीपाशी.”

गाठीपाशी नव्हे, पण दोन फळ्यांची टोकं जिथं भिडतात तिथं खरं दुखणं निघालं. तिथं वर्षानुवर्षं मोठी कुंडी ठेवलेली होती. कुंडी सरकवली तर खाली काळं वर्तुळ, आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं तर ते लोण्यात जावं तसं अर्धा इंच आत गेलं. उकरलं तर लाकडाचे तपकिरी, चौकोनी, हलके तुकडे निघाले, बोटांत चुरडले की भुकटी. बुरशीनं त्यातलं सेल्युलोज खाऊन टाकलं होतं. लाकडाची ओल 20 टक्क्यांच्या आत राहिली तर ही बुरशी वाढूच शकत नाही. तिला हवी असते कायमची ओल, आणि कुंडीखाली मी ती पुरवली होती.

हे लाकूड तर औषध मुरवलेलं होतं, मग कुजलं कसं? हा प्रश्न मला दोन दिवस पुरला. लाकडात दाबानं औषध भरतात, त्या पद्धतीतलं तांबं, क्रोमियम आणि अर्सेनिकचं गाजलेलं मिश्रण 1933 साली सोंती कामेसन या भारतीय शास्त्रज्ञानं शोधलं, हे वाचून मी थबकले होते. तांबं बुरशीला रोखतं, अर्सेनिक किड्यांना, आणि क्रोमियम दोघांना लाकडात घट्ट बसवून ठेवतं. जगभरचे विजेचे खांब, पूल, घरांचे ओटे या एका कल्पनेवर कित्येक दशकं उभे राहिले. पुढे अर्सेनिकच्या भीतीनं अमेरिकेत 2003 अखेर घरगुती वापरासाठी ते बनवणं थांबलं आणि आता तांब्यावर आधारलेली दुसरी मिश्रणं वापरतात. पण कुठलंही मिश्रण घ्या, ते फळीच्या बाहेरच्या भागात चांगलं मुरतं आणि झाडाच्या गाभ्याच्या लाकडात फारसं शिरत नाही. फळी मापानं कापली की कापलेल्या टोकाला आतलं कोरं लाकूड उघडं पडतं. त्या टोकाला पुन्हा औषधाचा हात द्यायचा असतो. आमच्याकडे तो दिला गेला नव्हता. आणि लाकडाचं टोक म्हणजे झाडाच्या पाणी ओढणाऱ्या नळ्यांची तोंडं. फळीचा पृष्ठभाग जेवढं पाणी पितो त्याच्या कितीतरी पट पाणी हे टोक ओढून घेतं. झाड तोडून वर्षं लोटली तरी नळ्यांना आपलं काम आठवतं. ती फळी बदलली. नव्या फळीच्या टोकांना मी दोनदा औषध लावलं, मध्ये वाळू देऊन. कापलेले तुकडे जाळायचे नसतात, धुरातून औषध बाहेर पडतं, म्हणून ते वेगळे बांधून ठेवले.

घासून झाल्यावर धुणं. सोडियम परकार्बोनेटची पांढरी पूड कोमट पाण्यात विरघळवून ब्रशनं पसरली की पंधरा मिनिटं तिचा बारीक फेस होत राहतो. पाण्यात तिच्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं आणि धाग्यांत अडकलेला मळ, बुरशी वर येते. क्लोरीनचं ब्लीच स्वस्त आणि हाताशी असतं, पण ते लाकडाचे धागेच पोखरतं. त्यानंतर ऑक्झॅलिक ॲसिडचं सौम्य पाणी, हातमोजे घालून, कडेची झाडं आधी ओली करून आणि झाकून. परकार्बोनेटनं लाकूड काळपट पडतं, या पाण्यानं ते पुन्हा उजळतं, आणि लोखंडी खिळ्यांभोवतीचे निळे-काळे डागही फिके होतात. ते उजळणं बघण्यासारखं असतं. ब्रश पुढे सरकतो आणि त्याच्यामागं, काही क्षणांच्या अंतरानं, रंग चालत येतो. बाकाखालच्या चौकोनाची कड पुसट होत होत शेवटी शोधूनही सापडेना.

मग थांबायचं. या कामातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे असं माझं मत झालं आहे. ओलं लाकूड तेल घेत नाही, आणि वरून वाळलेलं लाकूड आतून ओलं असतं. तीन दिवस ऊन पडलं, चौथ्या दिवशी सकाळी आभाळ भरून आलं आणि दुपारी पाऊस पडून गेला. पुन्हा पहिल्यापासून मोजणी. तोवर ओलीनं उभे राहिलेले धागे काचकागदानं हलक्या हातानं बसवून घेतले. आई म्हणाली, “घाई कशाची आहे?” मला घाई होती. मला ते एकदाचं उरकायचं होतं.

‘एकदाचं.’ हा शब्द तोंडातून गेला आणि मी गप्प झाले. कारण सहा वर्षांपूर्वी त्याच महिन्यात मी आणखीही बरीच कामं एकदाची उरकली होती. न्हाणीघरात धरायला दांड्या बसवल्या. तिच्या पलंगाशी रात्रीचा मंद दिवा लावला. औषधांसाठी सात कप्प्यांचा डबा आणला, फोनमध्ये मोठी अक्षरं केली, सगळे नंबर भरून दिले. यादी लिहिली होती आणि एकेक ओळ खोडली होती. आईसाठी घर तयार झालं होतं, तीन हात दिलेल्या डेकसारखं. त्यानंतर मी रोज तिला बघत होते, पण गुडघे टेकून किती वेळा पाहिलं? दांडी हाताला गार लागते म्हणून तिच्यावर तिनं रुमाल गुंडाळलाय, हे मला त्या आठवड्यात दिसलं. रुमाल विटलेला होता. तोही नक्कीच एका पावसाळ्याहून जुना असणार. मी तो सोडला, धुऊन वाळत घातला, आणि बराच वेळ त्या उघड्या दांडीला हात लावून उभी राहिले. खरंच गार लागते.

आमच्या जुन्या घरी लाकडी जिना होता. त्याच्या पायऱ्या मध्यभागी झिजून खोलगट झाल्या होत्या. आईच्या हातात तेलाचा बोळा असायचा. तिनं सगळा जिना एका दिवसात पुसल्याचं मला आठवत नाही. वरखाली करताना एखादी पायरी कोरडी वाटली की ती पुसायची, दुसऱ्या दिवशी दुसरी. तिला विचारलं असतं की हे काम कधी संपणार, तर प्रश्नच समजला नसता.

आठवड्यानंतर आम्ही दोघींनी पाणी टाकून पाहिलं. ही परीक्षा फार साधी आहे. फळीवर चार थेंब टाकायचे. ते तसेच बसून राहिले तर लाकूड अजून तयार नाही. काही मिनिटांत जिरून गडद डाग उरला तर ते तेल प्यायला तयार आहे. आईनं वाटीतून बोटांनी थेंब शिंपडले आणि वाकून बघत राहिली. थेंब आधी चपटे झाले, मग त्यांची कड पसरली, मग ते नाहीसे झाले. “प्यायलं,” ती म्हणाली.

या वेळी तेलाचा स्टेन निवडला, अर्धपारदर्शक, थोडा रंग असलेला. तो वर पापुद्रा धरत नाही, आत मुरतो, त्यामुळं फळी हलली तरी सुटायला काही उरत नाही. आणि त्यातले रंगाचे बारीक कण उन्हाला अडवतात, लाकडाला सावली दिल्यासारखे. कण जितके जास्त तितकी सावली दाट, पण लाकडाची नक्षी तितकी झाकली जाते. अगदी बिनरंगाचं तेल वर्षभरात उतरतं, असा अर्धपारदर्शक स्टेन दोन-तीन वर्षं साथ देतो, आणि तो विरतो, सोलवटत नाही. पुन्हा लावायचा तर धुऊन, वाळवून, एक हात. नमुन्याच्या पट्ट्यांतून रंग आईनं निवडला. मला गडद आवडला होता. ती म्हणाली, “उन्हात तापेल तो.” खरंच होतं, गडद रंग तळव्यांना जास्त पोळतो. फिकट घेतला.

लावायचं काम दोन दिवस चाललं, दोन्ही दिवशी ऊन डेकवरून सरकल्यानंतर. तापलेल्या फळीवर तेल मुरायच्या आधीच वाळतं आणि चट्टे पडतात. एका वेळी दोनच फळ्या घ्यायच्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता जायचं, मध्येच थांबलं की ओल्या-कोरड्याच्या सीमेवर कायमची रेघ उमटते. टोकांना आधी, दोनदा, पिऊ देऊन. मग पंधरा-वीस मिनिटांनी फडक्यानं सगळं जास्तीचं पुसून घ्यायचं. इथंच माझा हात अडत होता. पैसे मोजून आणलेलं, लाकडाच्या भल्याचं तेल पुसून का टाकायचं? थोडं वर राहिलं तर अजून राखेल ना. पण लाकूड जेवढं घेतं तेवढंच त्याचं. वर राहिलेलं चिकट होतं, धूळ धरतं आणि पुन्हा तोच पापुद्रा तयार होतो. मी पुसत गेले. ओल्या तेलाखाली लाकडाच्या रेषा एकेक करून उठत होत्या, गाठींभोवती वळसे घेत होत्या, एका फळीत तर नदीच्या पात्रातलं बेट असावं तसा आकार निघाला. बदललेली नवी फळी मात्र सगळ्यांत वेगळी, कोवळी दिसते. तिला मी तशीच सोडली.

तेलाच्या फडक्यांबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. जवसासारखी वाळणारी तेलं हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतात आणि तसं होताना उष्णता बाहेर टाकतात. फडकी चुरगळून एकावर एक टाकली की ती उष्णता आत कोंडते आणि ढीग आपोआप पेटतो, कुणी काडी लावावी लागत नाही. 23 फेब्रुवारी 1991 रोजी फिलाडेल्फियातल्या 38 मजली ‘वन मेरिडियन प्लाझा’ इमारतीला लागलेली आग अशाच तेलाच्या चिंध्यांनी सुरू झाली. भिंतींवरच्या लाकडी पॅनेलांना पॉलिश करायला वापरलेल्या चिंध्या होत्या. त्या आगीत अग्निशमन दलाचे तीन जवान गेले. हे मी काम सुरू करायच्या आदल्या रात्री वाचलं आणि झोप लागेना. आमची फडकी आईनं दोरीवर एकेक सुटी वाळत घातली, चिमटे लावून, लहान मुलांच्या झबल्यांसारखी. ती कडक होईपर्यंत तिनं त्यांच्याजवळ दुसरं काही वाळत घालू दिलं नाही.

तीन दिवस कुणी डेकवर गेलं नाही. त्यानंतर पहिली मोठी सर आली तेव्हा मी खिडकीशी उभी राहून बघत होते. पूर्वीसारखं आभाळ फळ्यांत दिसलं नाही. पाणी ठिपक्यांनी बसलं, फळ्यांमधल्या फटींतून खाली गेलं, आणि पाऊस थांबल्यावर तासाभरात फळ्या पुन्हा फिकट झाल्या. चमक नव्हती. लाकूड लाकडासारखं दिसत होतं. कुंडी आता पायांवर उभी आहे, तिच्याखालून बोट फिरतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई दारात आली. सवयीनं भिंतीला हात टेकला, चप्पल पायात सरकवली आणि बाहेर गेली. मी काही बोलले नाही. ती बाकापर्यंत गेली, बसली, बराच वेळ बसून होती. मग वाकून तिनं फळीवर तळहात ठेवला, इकडे तिकडे फिरवला. डावा पाय चपलेतून काढला आणि अंगठा टेकवून पाहिला, पाणी किती गरम आहे ते बघावं तसा. मग टाच. मग दुसरा पाय. उठून ती चालायला लागली, टाच आधी टेकवत, आणि तो बारीक आवाज मला आतपर्यंत ऐकू आला. कुंडीच्या अलीकडे ती थांबली. पायानंच एक जागा दोनदा चाचपली.

“अगं,” तिनं हाक मारली, “इथं अजून खरखरतंय.”

मी काचकागद घेऊन बाहेर गेले.